केस सैल करण्याचा इतिहास: कुरळेपणाचा वैताग येतो कुठून?

१/
कुरळे केस रसायनाने थोडे सैल करून घ्यावेत का? वरकरणी हा प्रश्न आरशापुढचा, फार तर पार्लरमधल्या खुर्चीतला. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष गेली शंभराहून अधिक वर्षे याच प्रश्नाशी झगडत आले आहेत, आणि त्यांच्यासाठी तो नोकरी, कायदा, आरोग्य व आत्मसन्मान यांच्याशी जोडलेला आहे. ‘केसांना कंटाळून’ घेतलेल्या एका निर्णयामागे केवढा इतिहास साचलेला असतो, ते या धाग्यात पाहू.
#इतिहास #धागा

२/
प्रथम हे मान्य करू, की वैताग खरा असतो. घट्ट कुरळ्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. टाळूतून स्रवणारे तेल वळणावळणांतून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, त्यामुळे केस कोरडे राहतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. धुणे, गुंता सोडवणे, वेणी घालणे यांत तासन्‌तास जातात. या श्रमांची जाणीव न ठेवता कोणालाही ‘नैसर्गिक सौंदर्य जपा’ असा उपदेश करणे सोपे आहे.

३/
आता रसायन समजून घेऊ. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, आणि त्यातील गंधकाचे दुवे, म्हणजे डायसल्फाइड बंध, केसाला आकार व बळ देतात. ‘रिलॅक्सर’ हे दुवे तोडतो. पारंपरिक रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते. हाच आपल्या ओळखीचा कॉस्टिक सोडा. अशा मिश्रणाचा सामू १२ ते १४ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. ते कमी वेळ ठेवले, तर केस पूर्ण सरळ न होता फक्त सैल होतात. त्या प्रकाराला ‘टेक्स्चरायझर’ म्हणतात.

४/
‘फक्त थोडे सैल’ हा शब्दप्रयोग सौम्य वाटतो, पण हायड्रॉक्साइडने तुटलेला दुवा पुन्हा पूर्ववत जुळत नाही. मुळाशी नवा केस मात्र कुरळाच उगवतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी मुळांना पुन्हा रसायन लावावे लागते, आणि जुन्या व नव्या केसाचा सांधा हीच तुटण्याची जागा ठरते. एकदा घेतल्यासारखा वाटणारा हा निर्णय वस्तुतः वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

५/
मग हे केस ‘सुधारले’ पाहिजेत, ही कल्पना कोठून आली? अमेरिकेतील गुलामगिरीच्या काळात पळून गेलेल्या गुलामांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती येत. त्यांत त्यांच्या केसांना वारंवार ‘लोकर’ म्हटलेले आढळते. माणसाचे केस आणि मेंढीची लोकर यांतील भेद पुसणारी ही भाषा होती. पुढे कृष्णवर्णीय समाजातही ‘चांगले केस’ हा शब्दप्रयोग रुजला. चांगले म्हणजे सैल, सरळ, श्वेतवर्णीयांच्या केसांच्या जवळ जाणारे.

६/
केसांवर थेट राजाज्ञाही निघाली. १७८६ मध्ये लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होते. तेथील गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले, की कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांनी केस रुमालात बांधावेत, त्यांत पिसे वा दागिने माळू नयेत. त्यांची केशभूषा सामाजिक उतरंडीला आव्हान देते, असे सत्तेला वाटले होते. स्त्रियांनी आज्ञा पाळली, पण ‘टिन्यॉन’ नावाचे हे रुमाल त्यांनी इतक्या झोकात बांधले, की तीच नवी शोभा ठरली.

७/
१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी उतरंड उरली. या काळाची सर्वांत बोलकी व्यक्तिरेखा म्हणजे सारा ब्रीडलव्ह. जन्म १८६७, लुइझियानातील डेल्टा येथे. आईवडील गुलामीतून सुटलेले, आणि भावंडांत स्वतंत्र म्हणून जन्मलेली ही पहिलीच. सातव्या वर्षी ती पोरकी झाली. पुढे सेंट लुईमध्ये धुणी धुऊन तिने मुलीला वाढवले. टाळूच्या विकाराने तिचे केस गळू लागले होते. हीच स्त्री पुढे मॅडम सी. जे. वॉकर म्हणून विख्यात झाली.

८/
वॉकर यांनी आधी ॲनी टर्नबो मलोन यांच्या ‘पोरो’ या उद्योगासाठी विक्री केली, मग स्वतःचा व्यवसाय उभारला आणि १९१० मध्ये तो इंडियानापोलिसला नेला. ‘केस सरळ करणारी बाई’ ही आपली ओळख त्यांना मान्य नव्हती. आपले काम टाळू निरोगी करून केस वाढवण्याचे आहे, असे त्या सांगत. तरीही त्यांच्या पद्धतीत तापवलेला कंगवा होताच, आणि टीकाही होत होती. १९०४ मध्येच शिक्षिका नॅनी हेलन बरोज यांनी केस सरळ करण्याच्या व त्वचा उजळ करण्याच्या सोसावर कठोर लेख लिहिला होता.

९/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. वॉकर यांच्या हाताखाली शिकलेल्या हजारो स्त्रियांना धुणीभांडी सोडून स्वतःच्या कमाईचा मार्ग मिळाला. १९१७ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या त्यांच्या विक्रेत्यांच्या अधिवेशनाने झुंडबळींच्या निषेधाची तार थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली. एकच उद्योग एकीकडे सौंदर्याचा जाचक निकष पसरवत होता आणि दुसरीकडे स्त्रियांना राजकीय आवाज देत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१०/
रासायनिक सरळीकरणाची कथा क्लीव्हलँडच्या गॅरेट मॉर्गन या संशोधकाकडे नेते. सांगतात ते असे: १९०९ च्या सुमारास शिलाई यंत्राची सुई घर्षणाने तापून कापड करपू नये, म्हणून ते एका द्रावणावर प्रयोग करत होते. हात पुसलेल्या केसाळ कापडाचे तंतू सरळ झालेले दिसले. मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर प्रयोग झाला, आणि अखेर स्वतःच्या डोक्यावर. धुरापासून बचावाचे शिरस्त्राण आणि वाहतूक नियंत्रक संकेतयंत्र यांची पेटंटे घेणारे हे तेच मॉर्गन.

११/
पुरुषांमध्ये मात्र घरगुती ‘कॉन्क’ गाजला: कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे यांचा लगदा. माल्कम एक्स यांनी १९६५ च्या आत्मकथेत बॉस्टनमधील आपल्या पहिल्या कॉन्कचे वर्णन केले आहे. टाळूला, कानांना, मानेला व्हॅसलीनचा जाड थर लावूनही आगीसारखी होणारी जळजळ, आणि मग आरशातील सरळ केस पाहून झालेला आनंद. मागे वळून पाहताना त्यांना तो क्षण आत्मअवमूल्यनाची पहिली मोठी पायरी वाटला. श्वेतवर्णीयांसारखे दिसण्यासाठी आपण अक्षरशः होरपळून घेतले, असा त्यांचा निष्कर्ष.

१२/
हा निष्कर्ष इतका प्रभावी ठरला, की पुढे अनेकांनी तो अंतिम मानला. परंतु १९८७ मध्ये सांस्कृतिक अभ्यासक कोबेना मर्सर यांनी त्याला छेद दिला. कॉन्क केलेल्या केसांसारखे केस कोणाही श्वेतवर्णीयाचे नव्हते, मग ती नक्कल कशी, असा त्यांचा मुद्दा. ती शहरी कृष्णवर्णीय तरुणांची स्वतंत्र शैली होती. म्हणजे रसायन लावणारा प्रत्येक जण स्वतःचा द्वेष करतो, असे गृहीत धरता येत नाही. आणि दुसऱ्याच्या मनातले असे परस्पर ठरवणे इतिहासलेखनातही घातकच.

१३/
१९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन व जोन जॉन्सन या दांपत्याने अवघ्या २५० डॉलरच्या कर्जावर कंपनी काढली. ‘अल्ट्रा वेव्ह’ हा पुरुषांसाठीचा रिलॅक्सर हे तिचे पहिले उत्पादन. १९७१ मध्ये ही जॉन्सन प्रॉडक्ट्स अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली कृष्णवर्णीयांच्या मालकीची पहिली कंपनी ठरली. गंमत अशी, की तोवर हवा पालटली होती, आणि हीच कंपनी नैसर्गिक केसांसाठी ‘आफ्रो शीन’ही विकत होती.

१४/
हवा पालटली ती ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’च्या घोषणेने. आफ्रो हा केवळ केशसंभार राहिला नाही. १९७० मध्ये अँजेला डेव्हिस यांचे छायाचित्र एफबीआयच्या शोधपत्रकावर झळकले आणि त्यांचा आफ्रो जगभर पोहोचला. १९७२ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. (त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपण जाणतोच.) पुढे १९९४ मध्ये डेव्हिस यांनी खंत मांडली, की मुक्तीचे राजकारण विसरले गेले आणि लोकांच्या लक्षात राहिला तो केशसंभार. नैसर्गिक केसही असे बाजारात विकले जाऊ शकतात.

१५/
मग आली खरीखुरी ‘सैल’ करण्याची लाट: जेरी कर्ल. जेरी रेडिंग या केशरचनाकाराच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस व ८० च्या दशकात गाजली. यात थायोग्लायकोलेटने घट्ट कुरळे मोडून, केस रोलरवर गुंडाळून मोठी, सैल वळणे पाडली जात. केस ओलसर ठेवण्यासाठी सतत तेलकट फवारे मारावे लागत, उशा नि सोफ्यांवर डाग पडत. गुंता सोडवण्याचा वैताग गेला आणि त्याच्या जागी देखभालीचा नवा वैताग आला.

१६/
सैल न करता वेण्या घातल्या तर? रेनी रॉजर्स या अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी स्त्रीने डोक्यालगतच्या बारीक वेण्या, म्हणजे ‘कॉर्नरोज’, घातल्या, आणि कंपनीच्या नियमाने त्यांना मनाई केली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. त्वचेचा रंग बदलता येत नाही, वेणी मात्र सोडता येते, असा त्यामागचा तर्क. शिवाय एका श्वेतवर्णीय अभिनेत्रीने चित्रपटात अशा वेण्या घातल्यानंतर ही फॅशन आली, याचाही उल्लेख निकालात आला. शतकांची परंपरा अशी दोन वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या खात्यावर जमा झाली!

१७/
या निकालाचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्या. जो केस ‘नीटनेटका’ ठेवायला वेणी हाच सोयीचा उपाय, तो नोकरीत वेणीत ठेवता येणार नसेल, तर रसायनाची बाटली आपोआप जवळ येते. हा वैताग मग एकट्या व्यक्तीचा राहत नाही. त्यात मालकाचा नियमही मिसळलेला असतो. ही कोंडी फोडण्यासाठी कॅलिफोर्नियाने ३ जुलै २०१९ रोजी ‘क्राउन’ कायदा मंजूर केला. केसांचा पोत व वेण्यांसारख्या केशरचना यांवरून होणारा भेदभाव हा वंशभेद मानला गेला. अनेक राज्ये त्या मार्गाने गेली. संघीय विधेयक मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडले.

१८/
आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते: केस कापणाऱ्यांचे शिक्षण. सौंदर्यशाळांचे अभ्यासक्रम दीर्घकाळ सरळ केस हाच आदर्श धरून आखले गेले. न्यूयॉर्क राज्याने तर सर्व प्रकारच्या केसांचे प्रशिक्षण अनिवार्य करणारा कायदा २०२३ मध्ये केला. तुमच्या केसांना हात कसा लावावा हे केशकर्तनकारालाच शिकवलेले नसेल, तर तुमचे केसच ‘अवघड’ ठरणार.

१९/
आरोग्याचा हिशेबही आता पुढे आला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. केस सरळ करणारी रसायने कधीही न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के होते. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरी वर्षानुवर्षे, अनेकदा बालपणापासून, ही रसायने लावणाऱ्या स्त्रियांसाठी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२०/
आपल्याकडे स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, केराटिन या पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. अमेरिकेचा वंशवादी इतिहास जसाच्या तसा येथे लागू करणे अनैतिहासिक ठरेल, आणि ही रसायनेही बहुधा वेगळी असतात. परंतु ‘केस विंचरले नाहीस का?’ हा प्रश्न कुरळ्या केसांच्या किती मुलींनी नीट विंचरूनही ऐकला असेल! नीटनेटकेपणाची व्याख्या सरळ केसांवरून ठरते, हे सूत्र ओळखीचे आहे.

२१/
मग निर्णय काय घ्यावा? इतिहास तो आपल्या वतीने घेत नाही. वॉकर यांच्याकडे जाणारी धुणेवाली मूर्ख नव्हती, आफ्रो ठेवणारा प्रत्येक जण क्रांतिकारक नव्हता. इतिहास एक चाचणी मात्र देतो. स्वतःला विचारावे: कार्यालयाचा नियम नसता, घरचे टोमणे नसते, आणि कुरळे केस हाताळणारा जाणकार माणूस जवळ असता, तरीही मला हे करावेसे वाटले असते का?

२२/
उत्तर ‘हो’ असेल, तर ती तुमची आवड. रसायनाचे नाव विचारा. हायड्रॉक्साइड आणि थायोग्लायकोलेट एकाच केसावर पडले, तर केस तुटतात, एवढे ध्यानात ठेवा. टाळूवर जखम असेल तर थांबा. उत्तर ‘नाही’ असेल, तर निदान एवढे कळेल, की तक्रार केसांविषयी नाही. मग आधी नियमाविषयी, टोमण्यांविषयी किंवा न मिळालेल्या मदतीविषयी बोलता येईल. केस तोवर वाट पाहू शकतात. सैल केलेले केस मात्र कापल्याशिवाय मूळ रूपात येत नाहीत.

धागा समाप्त. तुमच्या घरात, शाळेत कुरळ्या केसांविषयी काय बोलले जाई, ते प्रतिसादात जरूर लिहा. अशा नोंदीही इतिहासाची साधने असतात.