नळीवरचे नाव : सुरत ते नाशिक

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरकारी नोकरीमुळे निवडणुकीच्या कामातून आमची सुटका नसते. त्या निमित्ताने सुरतेत ही रांग आम्ही बऱ्याचदा पाहिली आहे. हिऱ्याचे व्यापारी, कापड बाजारातले शेठ, ऊस पिकवणारे शेतकरी, एखादा निवृत्त फौजी असे सगळे तिथे भेटतात. निवडणूक तोंडावर असली तरी या रांगेत राजकारण निघत नाही, निघतात पिस्तुले. एक म्हणतो, 'वेब्ली एटले वेब्ली!' दुसरा आजोबांच्या वेळच्या कोल्टचे गोडवे गातो. तिसऱ्याकडे आपल्या आयुध निर्माणीचे 'अशनी' असते. तो म्हणतो, 'तुमच्या विलायती मालाचा सुटा भाग मोडला तर आणाल कुठून?' परदेशी पिस्तुलांची सर्वसाधारण आयात १९८०च्या दशकातच थांबली. त्यामुळे विलायती पिस्तूल म्हणजे जुनेच, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याचा तोरा काही औरच.

ही चर्चा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. नावे वेगवेगळी, पण बहुतेकांचे पिस्तूल .३२ बोअरचेच. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. या .३२च्या काडतुसाचा माग काढत गेलो तेव्हा आम्ही नाशिकला पोहोचलो. आणि नाशिकची वाट आमच्या सुरतेवरूनच निघालेली सापडली.

सुरतेच्या मराठी घरांत १९०७च्या काँग्रेसची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मंडप होता आणि अध्यक्षपदी रासबिहारी घोष होते. २७ डिसेंबरला लोकमान्य टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, गोंधळ माजला आणि गर्दीतून एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि फिरोजशहा मेहतांपर्यंत पोहोचला. खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि काँग्रेस दुभंगली. हा जोडा आपल्याकडे बहुतेक वेळा हसत हसत सांगितला जातो. पण त्यानंतरची दोन वर्षे हसण्यासारखी नव्हती.

जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. १९०९च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सभा, ठराव आणि अर्ज यांवरचा तरुणांचा विश्वास उडत चालला होता. त्याच सुमारास लंडनमध्ये कच्छ-मांडवीचे श्यामजी कृष्णवर्मा यांनी उभारलेल्या इंडिया हाऊसमध्ये विनायक दामोदर सावरकर राहत होते. त्यांनी १९०९च्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. ती आणली चतुर्भुज अमीन यांनी, पेटीच्या चोरकप्प्यात दडवून. श्यामजी गुजराती, अमीन गुजराती, सावरकर मराठी. सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा शेजारही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग ब्राउनिंगच का? जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या ऑग्डेन गावचा बंदूकवाला. त्याच्या पिस्तुलाचा आराखडा बेल्जियममधल्या एर्स्टाल गावच्या एफएन कारखान्याने घेतला आणि १९०० सालचे मॉडेल बाजारात आणले. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरला जाड चक्री असे. ब्राउनिंगचे पिस्तूल चपटे होते, खिशात मावे. सात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये राहत. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरके, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई आणि नवे काडतूस आपोआप नळीत बसे. याच पिस्तुलासाठी केलेले ७.६५ मिलिमीटरचे काडतूस म्हणजेच आजचे .३२. या मॉडेलची सुमारे सात लाख पिस्तुले बनली. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इटो हिरोबुमींवर गोळ्या झाडल्या, त्याही ब्राउनिंगमधूनच. युरोपात तर 'ब्राउनिंग' म्हणजेच पिस्तूल असा अर्थ रूढ झाला.

आपल्याकडे मात्र १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातून हत्यार काढून घेतले होते. ज्याला हात लावायची बंदी, त्याच्याविषयी मत बनवायचे कसे? १८९७मध्ये गणेशखिंडीत रँडवर गेलेल्या चापेकर बंधूंनी पिस्तुलांबरोबर तलवारीही घेतल्या होत्या. पिस्तुलावर पुरता भरवसा ठेवता येत नाही, असेच त्यातून दिसते. लंडनमध्ये ही अडचण नव्हती. मदनलाल धिंग्रांनी जानेवारी १९०९मध्ये गॅमेजेस या दुकानातून कोल्टचे स्वयंचलित पिस्तूल सव्वातीन पौंडांना उघडपणे घेतले आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या जागी महिनोन्महिने सराव केला. १ जुलैच्या ज्या रात्री त्यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, त्या दिवशीही ते सरावाला गेले होते. त्यांचे मत दुकानदाराच्या शिफारशीवर उभे नव्हते, स्वतःच्या हाताने तपासलेले होते.

२१ डिसेंबर १९०९ची रात्र. सुरतेच्या त्या जोड्याला दोन वर्षे व्हायला सहा दिवस कमी. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. औरंगाबादेत शिकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी तिथे ब्राउनिंगमधून जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृत जाणणारे, लोकांत 'पंडित' म्हणून ओळखले जाणारे. त्याच जॅक्सननी बाबारावांचा खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. तपास त्या वीस पिस्तुलांवरून लंडनपर्यंत गेला. अमीन यांनी साक्ष दिली. सावरकरांना २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ अशा दोन निकालांत दोन जन्मठेपा झाल्या. पिस्तुलाने दगा दिला नव्हता. पण तेच पिस्तूल पुरावा होऊन पाठवणाऱ्याच्या दारात उभे राहिले.

पुढे आमच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू भगतसिंगांबरोबर १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात होते. भगतसिंगांच्या हातातले .३२चे कोल्ट पुढे कित्येक वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात पडून होते. २०१६मध्ये त्याची ओळख पटली. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. आणि गंमत अशी की कोल्टची ही स्वयंचलित पिस्तुलेही जॉन ब्राउनिंगच्याच आराखड्याची. धिंग्रांचे कोल्ट, कान्हेरेंचे ब्राउनिंग, आझादांचे कोल्ट : नळीवर नावे दोन, कारखाने दोन देशांत, डोके एकाच माणसाचे. आपल्या लष्कराचे ईशापूरला बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूलदेखील मुळात ब्राउनिंगच्या घराण्यातलेच.

हे कळल्यापासून त्या रांगेतली 'वेब्ली श्रेष्ठ की कोल्ट' ही वादावादी आम्ही वेगळ्या कानाने ऐकतो. एकदा न राहवून आम्ही तिघाचौघांना विचारले, 'शेठ, गेल्या दहा वर्षांत किती गोळ्या झाडल्या?' एकाने दोन सांगितल्या, लग्नात नव्हे हं, असेही वर बजावले. बाकीचे हसले. फक्त निवृत्त फौजीने आपले पिस्तूल दर महिन्याला उघडून पुसतो, असे सांगितले. त्याचे मत आम्हाला खरे वाटले. त्याने नळीवरचे नाव मात्र सांगितलेच नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते तेव्हा मुलांना सुरतेचा जोडा आणि नाशिकचे ब्राउनिंग या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात, असे आम्हाला वाटते. मंडपात एकमेकांचे ऐकून घेणे थांबले त्यानंतर दोन वर्षांत तरुणांच्या हाती काय आले आणि त्यांनी त्याची किंमत काय मोजली, हे त्यांना कळावे. पिस्तूल चांगले की वाईट हे कारखान्यात ठरते. ते हातात घ्यायची वेळ का आली, हे मात्र मंडपात ठरते. आपल्या मंडळाच्या मंडपातही दरवर्षी वाद होतात. ते जोड्यापर्यंत जाऊ नयेत, एवढेच गणरायाकडे मागणे.