पेरणी आणि वेचणी

आमच्या खानदेशात ‘सुरुंग’ हा शब्द मुलांना मुद्दाम शिकवावा लागत नसे. तापीकाठची गाळाची जमीन सोडली, तर थोडे खोल जाताच काळा पाषाण लागतो, आणि तेथे कुदळीचे काही चालत नाही. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात विहिरीचे काम चालले होते. वडार मंडळी पहारीने खडकात छिद्रे पाडीत, त्यांत दारू ठासून वाती लावीत. मग त्यांच्यातला म्हातारा मुकादम काठावर उभा राहून चारी दिशांना तोंड करून ओरडे. गुरे दूर नेली जात. बायका लेकरांना पोटाशी धरून निंबाच्या आड बसत. बार उडू लागले की मुकादम बोटांवर मोजी. सात वाती पेटवल्या आणि सहाच बार ऐकू आले, तर त्या दिवशी विहिरीत कोणी उतरावयाचे नाही, हा त्याचा कायदा. मालकाने कितीही घाई केली तरी तो कायदा मोडत नसे.

या मुकादमाची आठवण मला गेल्या वर्षी भर वर्गात झाली. मी मुलांना राम राघोबा राणे यांची हकीकत सांगत होतो. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९४० साली ते लष्कराच्या इंजिनिअर दलात, म्हणजे ज्यांचे ठाणे पुण्याच्या खडकीत आहे त्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, आणि स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षाच्या अखेरीस सेकंड लेफ्टनंट झाले.

एप्रिल १९४८. काश्मीरच्या लढाईत आपल्या फौजेला नौशेऱ्याहून राजौरी गाठावयाची होती. रस्ता एकच, डोंगराच्या कडेकडेने जाणारा. आणि शत्रूने तो सुरुंगांनी व पाडलेल्या झाडांनी भरून टाकलेला. ८ तारखेला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरी ते दिवसभर रणगाड्यांपाशीच राहिले. दुपारी उशिरा बरवालीची टेकडी हाती आली, आणि राणे रात्री दहापर्यंत सुरुंग वेचीत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेपासून तेच. वाटेत पाइनचे ओंडके आडवे घातलेले. ते राण्यांनी उडवले. पुढे मोरी फोडलेली. तेथे मशिनगनच्या माऱ्यात बाजूने वाट काढली. १० तारखेला पावणेपाचला काम सुरू झाले आणि दुपारी दोनला फौज चिंगसला पोचली. पण राणे अन्नपाण्यावाचून रात्री नऊपर्यंत राबतच होते. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन, हातातल्या दोऱ्या ओढून ते चालकाला खुणा करीत, असेही सांगतात. ११ तारखेला रस्ता वाहतुकीला मोकळा झाला आणि १२ तारखेला राजौरी मिळाली. हयातीत परमवीर चक्र मिळालेले राणे हे पहिले वीर.

हकीकत संपली. मुले हरखून गेली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, लढाई संपली हे सुरुंगाला कसं कळतं?”

खरे सांगतो, मंडळी, मी निरुत्तर झालो. तोफ गोलंदाज निघून गेला की गप्प बसते. बंदूक खुंटीला टांगता येते. माणसासाठी पेरलेला सुरुंग मात्र तळहातावर मावेल एवढा असतो, आणि पावलाचे वजन पडेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहतो. पाऊल शिपायाचे की सरपण वेचणाऱ्या पोरीचे, हे तो विचारीत नाही. पुष्कळदा तो प्राण ठेवतो आणि पाय नेतो. कारण एका जखमी शिपायाला उचलण्यात आणखी दोन शिपाई गुंततात, हा हिशेब तो घडवणाऱ्याने आधीच केलेला असतो. १९६८ साली जयपूरला डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय बनवला, तो पुढे अफगाणिस्तानात आणि कंबोडियात याच हिशेबात सापडलेल्या माणसांच्या उपयोगी पडला.

हे थांबावे म्हणून १९९२ साली सहा संस्था एकत्र आल्या, आणि जोडी विल्यम्स या अमेरिकन बाईंनी ती चळवळ देशोदेशी नेली. जानेवारी १९९७ मध्ये इंग्लंडची डायना अंगोलातल्या सुरुंगाच्या रानातून चालली व ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातील ओटावा येथे १२२ देशांनी करारावर सह्या केल्या: असे सुरुंग करावयाचे नाहीत, वापरावयाचे नाहीत, साठवावयाचे नाहीत, आणि पेरलेले वेचून काढावयाचे. विल्यम्सबाई आणि त्यांची चळवळ यांना त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १ मार्च १९९९ पासून करार अमलात आला. पुढे साडेपाच कोटींहून अधिक सुरुंग कोठारांतच नष्ट झाले. मोझांबिक देश २०१५ साली सुरुंगमुक्त झाला. कंबोडियात तर टांझानियात शिकवून तयार केलेल्या मगावा नावाच्या उंदराने शंभराहून अधिक सुरुंग आणि जिवंत दारूगोळा हुंगून दाखवला, आणि २०२० साली त्याला सुवर्णपदक मिळाले. गणरायाच्या वाहनाचा हा पराक्रम सांगितला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

पण त्या करारावर भारताची सही नाही. चीन, पाकिस्तान, रशिया, अमेरिका यांचीही नाही. बंदीचे ध्येय मान्य, परंतु सरहद्द लांब आहे आणि पर्याय मिळाल्यावाचून हे शस्त्र टाकता येत नाही, असे आपले सरकार सांगत आले आहे. भारताने दुसरा एक करार मात्र मानला आहे: सुरुंग पेराल तेथे कुंपण घाला, पाट्या लावा, नकाशा ठेवा, आणि काम संपल्यावर ते काढा. म्हणजे आमच्या मुकादमाचाच कायदा! गडचिरोलीत जांभुळखेड्याला १ मे २०१९ रोजी ज्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेले, तसले स्फोट घडवणारे हात तर कुठलाच कायदा मानीत नाहीत.

हा कायदा पाळणेही किती कठीण असते, ते मला धुळे जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदाराने सांगितले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, फौजा सरहद्दीवर गेल्या, आणि पंजाब-राजस्थानातल्या शेतांत लक्षावधी सुरुंग पेरले गेले. युद्ध झालेच नाही. पण सुरुंग वेचावे लागले. हवालदार त्या कामावर होते. नकाशा हातात असे. परंतु वाळू सरके, पावसाचे पाणी सुरुंग दुसरीकडे नेई. शेताचा मालक बांधावर बसून रोज विचारी, “पेरणी केव्हा करू?” हवालदार मला आमच्या अहिराणीत म्हणाले, “मास्तर, सुरुंगले आपला-परका वळखता येत नही.” आपल्याच शिपायांनी पेरलेल्या सुरुंगांनी आपलेच शिपाई आणि शेतकरी जायबंदी झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आणि आता वारे उलटे वाहू लागले आहे. युक्रेनचे युद्ध पाहून २०२५ साली एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यांची भीती खोटी आहे असे मी घरच्या ओटीवर बसून म्हणणार नाही. पण भीती गेल्यावरही सुरुंग राहतो, हे त्यांनाही टळणार नाही.

त्या विहिरीतला सातवा बार एकदा खरोखरच उडाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम एकटाच खाली उतरला. माझ्या वडिलांनी त्याला दुसऱ्या कोणाला पाठवण्यास सांगितले. तो म्हणाला, “मी ठासला, मीच काढीन.” आम्ही सारे लांब उभे होतो, त्याची बायको निंबाखाली डोळे मिटून बसली होती. तो वर आला तेव्हा तिने त्याला काही न बोलता पाण्याचा तांब्या दिला.

मागच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, बाळ, लढाई संपली हे सुरुंगाला कळत नाही. कोणीतरी पोटावर सरपटत जाऊन ते त्याच्या कानात सांगावे लागते. राण्यांनी चार दिवस तेच केले. त्यावर तो म्हणाला, “मग पेरतातच कशाला?”

हा धडा आमच्या पुस्तकात नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल, तेव्हा तो मला पुन्हा विचारील.