हक्क आणि हुकमत

पुरुषांच्या हक्कांसाठी चळवळ असावी काय, हा प्रश्न अलीकडे वकिलांच्या खोलीत आणि घरच्या पंक्तीतही वारंवार निघतो. एक पक्ष म्हणतो, कायद्याचे पारडे स्त्रीकडे झुकले आहे. दुसरा म्हणतो, शतकानुशतके तराजू ज्याच्या हाती होता त्याने तक्रार कसली करावी? दोघेही हा वाद नवा समजतात. वास्तविक मराठी मुलखात तो १४० वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे निवाड्याची एक कसोटीही हाती लागते.

प्रथम सौंसर-पांढुर्ण्याकडे पाहू. नागपूरला खेटून असलेला हा मराठी बोलणारा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला. त्याचे हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेले. भाषा मात्र घरीच राहिली. २०२३ साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. आख्यायिका अशी की, पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि भर नदीत दोघांवर दगड पडले. मुलीच्या मनात काय होते, हे त्या कथेत कोणी विचारीत नाही. ती गावाची अब्रू आणि झाड हे तिचे प्रतीक. परंतु दगड खातो कोण? पुरुषच. कित्येक जायबंदी झाले, कित्येकांचे प्राण गेले. स्त्री ही गावाची ठेव ठरली, की तिच्यापायी रक्त सांडणे हा पुरुषाचा धर्म ठरतो. एकीचे मौन आणि दुसऱ्याची जखम यांचे मूळ एकच आहे.

हे मूळ शब्दांत पकडण्याचे श्रेय बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना द्यावे लागेल. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषांचा भडिमार झाला. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यास उत्तर दिले. पुस्तकाचे नावच पाहावे: तुलना. जे दोष स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, आणि एकाच अपराधाला दोन मापे का, एवढाच त्यांचा सवाल होता. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. इतरांनी पुस्तक विस्मृतीत टाकले. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

दोनच वर्षांनी, १८८४ साली, हाच प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला. दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती ११ वर्षांची होती आणि पतीच्या घरी ती कधीच नांदली नव्हती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा फेटाळला. हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडातून आणलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या ‘मराठा’ पत्राने या निकालाला कडवा विरोध केला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंस सांगितले की, पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे त्या म्हणाल्या. गंमत अशी की, ज्या इंग्लंडातून हा उपाय आला तेथे अशा अवज्ञेबद्दलचा तुरुंगवास १८८४ सालीच रद्द झाला होता! १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडात डॉक्टरीण झाल्या आणि सुरत-राजकोटास त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. धर्म आणि परंपरा बुडाल्याची ओरड त्या वेळी मोठी झाली. पण तिच्या मुळाशी मागणी होती ती दुसऱ्या माणसाच्या देहावरील ताब्याची. तो हक्क नव्हे, ती हुकमत.

मग पुरुषाची न्याय्य तक्रार असूच शकत नाही काय? असते. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमात व्यभिचाराची शिक्षा केवळ पुरुषास होती, स्त्रीस नव्हती. १९५४ साली युसुफ अब्दुल अझीझ यांनी हा पुरुषांवर अन्याय आहे असे सर्वोच्च न्यायालयात मांडले. न्यायालयाने ते मानले नाही; स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मुभा घटना देते, असे उत्तर मिळाले. २०१८ साली जोसेफ शाइन यांच्या अर्जावर पाच न्यायमूर्तींनी तेच कलम एकमताने रद्द केले. कारण, नवऱ्याची संमती असल्यास गुन्हाच होत नसे! म्हणजे स्त्रीला दिसणारी सवलत ही मुळात नवऱ्याच्या मालकीची पावती होती. पुरुषाने मागितलेल्या दादेतून स्त्रीची प्रतिष्ठा सिद्ध झाली, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग होय.

पत्नीच्या छळाविषयीच्या ४९८-अ कलमाचा (१९८३, आता भारतीय न्याय संहितेचे ८५ वे) वाद याच मापाने तोलावा. चौकशीवाचून अटक होऊ नये, ही मागणी रास्त होती. अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना तसे बजावले. परंतु २०१७ साली तक्रारी आधी कुटुंबकल्याण समित्यांकडे पाठविण्याचे ठरले, आणि २०१८ साली न्यायालयानेच ती व्यवस्था मोडली. आरोपीला न्याय्य चौकशी देणे निराळे, आणि पीडितेच्या वाटेत नवा उंबरठा घालणे निराळे.

रखमाबाईंवर चाललेला तो उपाय मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात आजही जिवंत आहे. तो आता पतीपत्नी दोघांनाही खुला आहे, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पुरुषांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्यांनी या एका कलमाबद्दलचे आपले मत आधी सांगावे. ते हक्क मागतात की हुकमत, हे त्या उत्तरावरून कळेल.