एसएमपीएस : प्रत्यावर्ती विजेचे एकदिश रूप

बेळगाव-निपाणी भागात 'हेस्कॉम'कडून घरोघरी येणारी वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची प्रत्यावर्ती असते. मोबाइल, संगणक यांना मात्र अल्प दाबाची एकदिश वीज लागते. हे रूपांतर 'स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय' अर्थात एसएमपीएस करतो.

प्रथम डायोड विजेला एकदिश करतात आणि कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टचा दाब साठतो. ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. वारंवारता वाढल्याने फेराइट गाभ्याचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर पुरतो. म्हणूनच चार्जर मुठीत मावतो. अखेरीस पुन्हा डायोडमधून गाळून 5 किंवा 12 व्होल्टची स्थिर वीज मिळते.

बाहेर पडणाऱ्या दाबानुसार प्रवाह जोडण्याचा काळ आपोआप कमी-अधिक होतो. त्यामुळे शेतीपंप सुरू होऊन गावातील दाब उतरला, तरी 100 ते 240 व्होल्टसाठी बनविलेला चार्जर काम करीत राहतो.

प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमधील दाब काही काळ टिकतो व तो प्राणघातक ठरू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याने तो योग्य रेझिस्टरद्वारे उतरवून, मीटरने खात्री केल्याखेरीज आतील भागांना हात लावू नये.