वत्सगुल्माची मध्यरेषा आणि वर्तुळगतीतील प्रवेग

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत कल्पिलेल्या मध्यरेषेवर भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ ग्रंथात (शके ११०५, इ. स. ११८३) त्याची गणना केली, प्रत्यक्षात ते उज्जयिनीच्या पूर्वेस एका अंशाहून अधिक आहे. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिराशी ही परंपरा आजही निगडित आहे.

ही रेषा कालगणनेसाठी होती. भूमी मात्र भास्कराचार्य स्थिरच मानीत. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वीचे परिवलन प्रतिपादिले होते. त्यावर ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आक्षेप घेतला, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? ह्याचे संख्यात्मक उत्तर हायगेन्सने १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्तुळगतीच्या सिद्धान्तांमुळे देता येते.

वाशीम सुमारे २०° उत्तर अक्षांशावर असल्याने सेकंदास सुमारे ४३७ मीटर वेगाने फिरते. चाल एकसारखी असल्याने प्रवेगाचा स्पर्शिकेच्या दिशेचा घटक शून्यवत् असतो. म्हणून शिखरास धक्का बसत नाही. दिशा मात्र सतत पालटते. त्यामुळे पृथ्वीच्या अक्षाकडे प्रतिसेकंदास सेकंदाला ०·०३२ मीटर इतका प्रवेग असतो. तो गुरुत्वप्रवेगाचा जेमतेम तीनशेवा हिस्सा असून गुरुत्वाकर्षण तो सहज पुरविते. आक्षेप योग्य होता. उणीव होती ती मोजमापाची.