वसईची मोहीम : एका किल्ल्यासाठी दोन वर्षे

वसईची लढाई म्हटली की चिमाजी अप्पांची आख्यायिका हटकून सांगितली जाते. किल्ला हाती येत नसेल तर निदान माझे शिर तरी तोफेने आत उडवा, असे ते म्हणाले म्हणे! ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. पण वसई पडली ती एका आवेशाच्या हल्ल्याने नव्हे. त्यामागे दोन वर्षांची चिकाटी होती.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. साष्टी, ठाणे, केळवे-माहीम, तारापूर या साऱ्यांचा कारभार इथूनच चाले. सक्तीची धर्मांतरे आणि हिंदूंच्या धर्माचरणावरील बंदी यांनी रयत गांजली होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे दाद मागितली आणि मोहिमेत मोलाची मदतही केली.

किल्ल्याची जागा मोठी अवघड. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. कोरडी वाट फक्त उत्तरेकडून, आणि नेमके तिथेच सेंट सेबस्तियान व रेमेदिओस हे भक्कम बुरूज. शिवाय समुद्रावर पोर्तुगीजांचे वर्चस्व, त्यामुळे गोव्याहून माणसे आणि दारूगोळा येतच राही. अशा किल्ल्याला नुसता वेढा घालून काय होणार?

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी हाती आली. वसईवर मात्र त्या वर्षी चढवलेले हल्ले फसले. तेव्हा चिमाजी अप्पांनी आधी वसईचे हातपाय तोडायचे ठरवले. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम पडले, मागोमाग तारापूर. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामी आला. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे थेट गोव्याच्या साष्टीत शिरले, म्हणजे गोवेकर फिरंग्यांना वसईकडे लक्ष द्यायला सवडच उरू नये. वेसावे आणि खाडीपलीकडची, भाईंदरजवळची धारावीही घेतली गेली. फेब्रुवारीत सुरू झालेला वसईचा वेढा आता खऱ्या अर्थाने आवळला गेला.

मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. घाई होतीच, कारण पावसाळा तोंडावर आलेला आणि तिकडे दिल्लीत नादिरशहा बसलेला, त्यामुळे फौज उत्तरेत हवी होती. मे महिन्यात सुरुंग उडाले, पण सगळे एका वेळी नव्हे. काही मागाहून उडाले आणि खिंडारात शिरलेली आपलीच माणसे दगावली. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. बुरूज हाती आला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मराठ्यांचे मृत व जखमी मिळून सुमारे पाच हजार झाले असे मानले जाते.

एवढे रक्त सांडल्यावर सूड उगवला असता तर त्या काळी कुणाला नवल वाटले नसते. पण तहाची कलमे काय होती? शिबंदीने शस्त्रांसह, निशाणे फडकवीत, वाजतगाजत निघून जावे, बायकामुले आणि चीजवस्त सोबत न्यावी. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असेल. २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. विजयाची खूण म्हणून त्यांच्या चर्चमधल्या घंटा मात्र आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते.

पुढे १७८० साली वसई इंग्रजांनी घेतली आणि सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. पण १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. चिमाजी अप्पांनी दोन वर्षे झुंजून मिळवलेल्या गावाचे नाव अशा तहाला लागावे, हे दुर्दैवच.

वसईचा ख्रिस्ती समाज मात्र तिथेच राहिला, मराठी बोलत राहिला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. पुढच्या सुट्टीत भारतात गेलात तर मुलांना वसईचा किल्ला जरूर दाखवा. सुरुंगांची गोष्ट सांगा, आणि तहाचीही सांगा.