आधी रस्ता की आधी स्पर्धा?

१९९७ साली डेन्मार्कमधल्या सायकलस्वारांच्या संघटनेने एक साधी मोहीम सुरू केली. तिचं नावही तितकंच साधं होतं : 'आम्ही सायकलने कामावर जातो'. मे महिन्यात ऑफिसातल्या लोकांनी आपापले संघ करायचे, कोण किती दिवस सायकलने आलं याची नोंद ठेवायची आणि शेवटी भाग घेणाऱ्यांमध्ये सोडत काढून बक्षिसं वाटायची. ही संघटना १९०५ सालची, म्हणजे तेव्हाच नव्वदी पार केलेली. अशी मोहीम डेन्मार्कमध्ये निघावी हे वरवर पाहता चमत्कारिकच आहे. जिथे निम्मं गाव आधीच सायकलवर असतं, तिथे 'सायकल चालवा' असं सांगणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाचा प्रचार करण्यासारखं झालं.

पण डेन्मार्कचे लोक जन्मजात सायकलवेडे आहेत, ही समजूत अर्धवट आहे. पन्नास-साठच्या दशकांत तिथेही पगार वाढले, मोटारी आल्या आणि सायकली मागे पडल्या. रस्ते रुंद करण्याचे बेत आखले गेले. कोपनहेगनच्या मधोमध जी तळी आहेत, त्यांच्या काठाने एक मोठा महामार्ग काढायचा घाट घातला गेला होता. मग १९७३चं तेलसंकट आलं आणि रविवारी मोटारी चालवायला बंदी झाली. रिकाम्या हमरस्त्यांवर लोक चालत, सायकली फिरवत. पुढच्याच वर्षी तळ्यांकाठचा तो महामार्ग रद्द झाला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलस्वारांचे मोर्चे सुरू झाले. जिथे सायकलस्वार मेले, तिथे रस्त्यावर पांढरे क्रॉस रंगवले गेले.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शाळेच्या वाटेची गोष्ट. सत्तरच्या दशकात डेन्मार्कमध्ये रस्त्यावर मुलं मरण्याचं प्रमाण पश्चिम युरोपात फार वरचं होतं. १९७६च्या रहदारी कायद्याने शाळेत जाणाऱ्या मुलांचं रक्षण ही पोलीस आणि रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणांची जबाबदारी ठरवली. मग ओडेन्स शहराने एक शहाणपणाचं काम केलं : मुलांनाच विचारलं. शाळेत कुठल्या वाटेने येता? कुठे भीती वाटते? मुलांनी सांगितलेल्या जागा नकाशावर आल्या आणि त्याप्रमाणे वेग कमी करणं, वेगळ्या वाटा काढणं, चौक बदलणं सुरू झालं. आज जगभर 'शाळेची सुरक्षित वाट' या नावाने जे उपक्रम चालतात, त्यांचं मूळ या शहरात आहे. शाळेतल्या वर्गावर्गांमधली सायकल-स्पर्धा डेन्मार्कमध्ये पुढे आली. सायकलने आल्याचे गुण, हेल्मेट घातल्याचे गुण, आणि सगळ्या वर्गाची मिळून बेरीज. पण तोवर भीतीच्या जागांचा नकाशा होऊन गेला होता.

म्हणजे क्रम असा : आधी मृत्यू, मग संताप, मग कायदा, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी स्पर्धा. १९९७ साली स्पर्धेच्या वाट्याला काम उरलं होतं ते अगदी थोडं. रस्ता आहे, सायकलही बहुधा घरात आहे, फक्त सवय मोटारीची आहे, अशा माणसाला एक धक्का द्यायचा.

हा धक्का संघातून का द्यायचा, याचं उत्तर आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या कोणत्याही बाईने दिलं असतं. भिशीत पैसे बाजूला पडतात ते स्वयंशिस्तीमुळे नाही, चारचौघांच्या भिडेमुळे. एकट्याने केलेला सायकलचा संकल्प पहिल्या पावसात वाहून जातो. आपल्यामुळे टीमचा दिवस बुडणार असेल, तर माणूस रेनकोट शोधतो.

मात्र काय मोजायचं, हा प्रश्न राहतोच. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं की, जे मोजाल ते वाढतं आणि कधीकधी फक्त तेच वाढतं. (पावलं मोजणारा फोन पंख्याला बांधल्याची दंतकथा प्रत्येक आयटी कंपनीत असतेच.) किलोमीटर मोजले, तर रविवारी शंभर किलोमीटर मारणारा हौशी जिंकतो आणि रोज तीन किलोमीटर येणारी लेखनिक तळाशी जाते. जर्मनीत २००१पासून एक मोठी आरोग्यविमा संस्था आणि सायकलस्वारांचा संघ मिळून 'सायकलने कामावर' ही मोहीम चालवतात. त्यांनी दिवस मोजले. १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किमान वीस दिवस, हवं तर चार जणांपर्यंतचा गट. घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंत सायकलने गेलात, तरी दिवस धरला जातो. विमा कंपनीला यात रस का असावा, हे सांगायला नको : चालते पाय म्हणजे कमी औषधं. कोरोनाच्या काळात लोक घरून काम करू लागले, तेव्हा घरातून निघून घरीच परत येणारी फेरीसुद्धा मान्य झाली. कामावर न जाणाऱ्यांची 'कामावर सायकलने' स्पर्धा.

याच देशात २००८ साली दुसरी एक स्पर्धा सुरू झाली, 'श्टाट-राडेल्न', म्हणजे साधारण 'शहर-सायकलिंग'. ती मला अधिक हुशार वाटते. इथे सलग एकवीस दिवस किलोमीटर मोजतात, शहरं शहरांशी स्पर्धा करतात आणि शाळा, कचेऱ्या, मित्रमंडळी अशा कोणाचेही संघ होतात. पण खरी मेख वेगळीच आहे. सुरुवातीपासून या स्पर्धेचा डोळा नगरसेवकांवर होता. कोणत्या शहराचं सभागृह सर्वांत जास्त सायकल चालवतं, याची वेगळी क्रमवारी लागते. जो माणूस सायकल-मार्गाच्या खर्चावर हात वर करणार किंवा नाही करणार, त्याला तीन आठवडे खोगिरावर बसवायचं. ट्रकचा वारा अंगावरून गेला की अंदाजपत्रक वेगळं दिसतं. याशिवाय भाग घेणारे लोक रस्त्यावरची धोक्याची जागा नकाशावर टाचून थेट पालिकेला कळवू शकतात. ज्यांनी परवानगी दिली, त्यांच्या प्रवासाच्या जीपीएस नोंदी ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी नाव-गाव काढून अभ्यासल्या. लोक कुठून जातात, कुठे थांबून राहतात, कुठला रस्ता टाळून वळसा घेतात, हे रस्ते आखणाऱ्यांना त्यातून दिसू लागलं. ओडेन्सच्या मुलांचा कागदी नकाशाच हा, फक्त उपग्रहाने काढलेला. आज दोन हजारांहून अधिक गावं-शहरं या स्पर्धेत असतात.

तरी डेन्मार्क आणि जर्मनी ही आपल्याला दूरची उदाहरणं. जवळचं म्हणायचं तर प्राग. चढउतारांचं, ट्राम आणि मोटारींचं शहर. सायकलला तिथे फारशी जागा नव्हती. २०११ साली तिथे 'कामावर सायकलने' ही मे महिन्यातली संघ-स्पर्धा निघाली. ती काढणारी 'आउटोमाट' ही संस्था त्याआधी कित्येक वर्षं शहराच्या रस्त्यांवर सायकल-मोर्चे काढत होती. इथे रस्ता आधी नव्हताच. पण स्पर्धा भरवणारे आणि रस्त्यासाठी भांडणारे लोक एकच होते. मे महिन्यात ऑफिसच्या संघातून आलेला माणूस त्या वर्षभराच्या भांडणाच्या ओळखीचा होऊन जात असे.

आता पुणे. या शहराला 'सायकलींचं शहर' म्हणत, तेव्हा कोणी स्पर्धा भरवली नव्हती. पेठांमधून कॉलेजात, कारखान्यात, कचेरीत लोक सायकलने जात, कारण तेच परवडत होतं. भाड्याने तासावर सायकल देणारी दुकानं होती, रात्री दिवा नसला की पोलीस अडवत आणि डबलसीट हा गुन्हा होता. १९७२मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना या दोन्ही बाजारात आल्या. दोन्ही कंपन्या पुण्याच्या, हा योग लक्षात ठेवण्यासारखा. सायकल सोडून लूनावर बसलेल्या माणसाला दोष कोण देणार? परवडत नाही म्हणून चालवलेलं वाहन परवडायला लागलं की सुटतं. कोपनहेगनमध्येही सुटतच होतं. तिथे मधेच कोणीतरी रस्ता अडवला, इथे अडवला नाही. पुढे बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकल-मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही केला आणि भाड्याच्या रंगीत सायकली आल्या नि गेल्या. त्या मार्गांवर आज काय उभं असतं, ते पुणेकरांना सांगायची गरज नाही.

२०२० साली टाळेबंदीनंतर केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाने शहरांसाठीच सायकल-आव्हान जाहीर केलं. १०७ शहरांनी नोंदणी केली. पुढच्या वर्षी अकरा शहरांना प्रत्येकी एक कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्यांत आपली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. इथे संघ म्हणजे अख्खं शहर, आणि चढाओढ किलोमीटरची नसून रस्त्यावर प्रयोग करण्याची होती. कल्पना म्हणून मला ती बहुतेक परदेशी मोहिमांपेक्षा सरस वाटते, कारण तिने रस्त्यालाच स्पर्धेत उतरवलं. २०२२च्या जानेवारीत शहरांच्या अधिकाऱ्यांसाठी चालण्या-सायकलचं आव्हान झालं. ती तर जर्मन नगरसेवकांची युक्तीच. अडचण टिकण्याची आहे. शंकू लावून आखलेला मार्ग शंकू उचलले की संपतो. डेन्मार्कमध्ये मार्गाला दगडी कड आहे.

बंगळूरला मधल्या काळात आयटी कंपन्यांची क्रमवारी लावणारी सायकल-मोहीम गाजली. तिच्या धर्तीवर आमच्याही ऑफिसात यंदा सायकल-महिना झाला. चार-चार जणांच्या टीम, कॅफेटेरियात मोठ्या पडद्यावर गुणफलक. आमच्या टीममधली एक सहकारी कोथरूडहून येत असे. पहिल्या आठवड्यात ती आमची सर्वांत नियमित खेळाडू होती, दुसऱ्या आठवड्यात तिने बंद केलं. पाषाणच्या पुढे उड्डाणपुलाला लागताना डावीकडून बस आत घुसते, त्या एका वळणाने ती दोनदा थोडक्यात वाचली होती. ॲपमध्ये तिच्या नावापुढे किलोमीटर होते, कॅलरी होत्या, वाचवलेला कार्बन ग्रॅममध्ये होता. त्या वळणाची नोंद करायला रकाना नव्हता. आयोजक टीमला ती हे सांगायला गेली, तेव्हा त्यांनी तिला पुढच्या वर्षी आतल्या रस्त्याने येऊन बघ असं सुचवलं. आतल्या रस्त्याने सहा किलोमीटर जास्त पडतात, आणि गुणही जास्त मिळतात.